उत्तराची चिठ्ठी कोणाच्या हातात?

शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत २०१५ च्या पावसाळ्यात प्रश्नमंजूषा भरली होती. गुण लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. 'ठाणे जिल्ह्यात तालुके किती?' या प्रश्नाला सातवीतल्या एका मुलीने 'सात' असे उत्तर दिले. प्रश्न विचारणाऱ्या सरांनी हातातल्या चिठ्ठीकडे पाहिले आणि सांगितले, "चूक. पंधरा." मुलगी खाली बसेना. "सर, चिठ्ठी बघू?" असे तिने विचारले तेव्हा मागच्या बाकांवर हसू पिकले. पण चिठ्ठी पाहिली गेली. ती एका जुन्या पुस्तिकेवरून उतरवून घेतलेली होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. मागे उरले ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर आणि अंबरनाथ. मोजून सात. मुलीला गुण मिळाला आणि सरांनी सर्वांसमोर चूक कबूल केली. हे दुसरे पहिल्याइतकेच महत्त्वाचे.

हाच खेळ हल्ली मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाबरोबर खेळता येतो. 'सातवीच्या मुलांना ठाणे जिल्ह्यावर दहा प्रश्न विचार, उत्तरे तपास आणि गुण दे' एवढे मराठीत सांगितले की तो क्विझमास्तर होऊन कामाला लागतो. शहापूर-मुरबाडच्या शाळांना साधनांचे वावडे नाही. पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी उभा केलेला डिजिटल वर्ग मागच्या दशकात राज्यभर गाजला होता. तेव्हा हा खेळ वर्गात येणार, काही ठिकाणी आलाही असेल. मला मात्र दर वेळी ती मुलगी आठवते. या नव्या क्विझमास्तराला 'चिठ्ठी बघू' म्हटले तर तो काय दाखवील? उत्तर नीट समजायचे तर यंत्राशी चाललेल्या प्रश्नोत्तरांचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

त्याआधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे घराघरात कोडी घालण्याची रीत जुनी. कोड्याचे वैशिष्ट्य असे की त्याचे उत्तर कोड्यातच दडलेले असते. उत्तर कळले की ऐकणारा 'अरे हो!' म्हणतो आणि ते बरोबर असल्याचा वेगळा पुरावा कोणी मागत नाही. सामान्य ज्ञानाच्या प्रश्नाचे तसे नसते. तालुके सात की पंधरा, हे प्रश्नाकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी कळत नाही. उत्तर बाहेर कुठेतरी असते, म्हणून ते आधी कागदावर लिहून कोणाच्या तरी हाती द्यावे लागते. प्रश्नमंजूषेचा सगळा डोलारा त्या कागदावर उभा असतो. नील ओब्रायन यांनी १९६७ साली कोलकात्यात भरवलेली स्पर्धा असो, १९७२ पासून रेडिओवर गाजलेली 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' असो, १९८५ साली दूरदर्शनवर सुरू झालेला सिद्धार्थ बासूंचा 'क्विझ टाइम' असो किंवा २००० सालचे 'कौन बनेगा करोडपती' असो, उत्तर आधी ठरलेले आणि कोणीतरी त्याला जबाबदार, ही व्यवस्था कायम राहिली.

आता यंत्राकडे वळू. १९५० साली ॲलन ट्युरिंग यांनी 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. यंत्र विचार करू शकते का, हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी त्याच्या जागी एक खेळ मांडला. पडद्याआड एक माणूस, एक यंत्र. बाहेरच्या परीक्षकाने टंकलिखित प्रश्न विचारून यंत्र कोणते ते ओळखायचे. नमुना म्हणून त्यांनी काही प्रश्नोत्तरे दिली आहेत. त्यांत ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली आहे. उत्तर देणारा अर्धा मिनिट थांबतो आणि सांगतो, १०५६२१. ही बेरीज फळ्यावर करून पाहा. खरे उत्तर १०५७२१ आहे! छपाईची चूक म्हणावी, तर याच लेखात पुढे ट्युरिंग म्हणतात की परीक्षकाला फसवायचे असल्यास यंत्राने मुद्दाम चुका कराव्यात. तेव्हा चूक हेतुपुरस्सर असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे या खेळाच्या पहिल्याच मांडणीत 'बरोबर उत्तर देणे' आणि 'माणसासारखे उत्तर देणे' या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या होत्या. आजच्या मदतनिसाचे गुण आणि दोष दोन्ही या फटीतून येतात.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत या दोन वाटांवर दोन वेगळे प्रोग्रॅम उभे राहिले. १९६१ साली अमेरिकेत 'बेसबॉल' नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. एका हंगामातले सामने कोणी, कुठे, कधी खेळले आणि कोण जिंकले एवढेच त्याला ठाऊक होते. त्या तक्त्यातले विचारा, साध्या इंग्रजी वाक्यात विचारा, तो तक्त्यात पाहून सांगे. तक्त्याबाहेर त्याचे जगच नव्हते. दुसरा प्रोग्रॅम १९६६ चा, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या जोसेफ वायझेनबाउम यांचा 'एलायझा'. याच्याकडे कसलाच तक्ता नव्हता. 'मला आईची काळजी वाटते' असे कोणी लिहिले की तो 'तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा' अशा धर्तीचे काहीतरी परत लिही. समोरच्याचेच शब्द उलटवून देण्याची ती युक्ती होती. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, आणि हे पाहून खुद्द वायझेनबाउम अस्वस्थ झाले. बोलणे ओघवते असले की बोलणाऱ्याला कळतेही असणार, हा आपला जुना समज. शाळेच्या तोंडी परीक्षेतही आपण त्याला बळी पडतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडतो तो 'ॲनिमल' हा खेळ. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तो तयार झाला आणि १९७० च्या दशकात बेसिक भाषेतल्या खेळांच्या पुस्तकांतून जगभर पसरला. सुरुवातीला संगणकाला फक्त दोन प्राणी माहीत असत, मासा आणि पक्षी. आणि एकच प्रश्न, तो पोहतो का? खेळणाऱ्याने मनात बेडूक धरला आहे असे समजा. संगणक विचारी, 'पोहतो का?' उत्तर, हो. 'मग मासा?' नाही. संगणक हरला. आता तो हरल्याचा फायदा घेई. 'तुमच्या मनात काय होते? मासा आणि बेडूक यांतला फरक सांगणारा एक प्रश्न द्या.' खेळणारा लिही, 'त्याला पाय असतात का?' पुढच्या खेळात संगणकाजवळ तीन प्राणी आणि दोन प्रश्न. असे करत करत प्रश्नांचे झाड फांद्या फोडत वाढे.

हा खेळ संगणकाशिवायही खेळता येतो. फळ्यावर एक प्रश्न लिहा, 'हो'ची फांदी उजवीकडे आणि 'नाही'ची डावीकडे, आणि वर्गाला झाड वाढवू द्या. शेकरू, घोरपड, साळिंदर, मुंगूस येईपर्यंत फळा पुरत नाही. वर्गीकरण शिकवायला याहून चांगला तास मला माहीत नाही. गणिताच्या शिक्षकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकावे. दर प्रश्नाने उरलेल्या शक्यता निम्म्या होत असतील, तर वीस प्रश्नांत किती वस्तूंतून एक ओळखता येईल? दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६. दहा लाखांहून अधिक! रेडिओवरच्या जुन्या 'वीस प्रश्न' या खेळातले वीस पुरेसे का पडत, हे यातून लक्षात येते.

'ॲनिमल'मध्ये एक दोषही होता. त्याला जे सांगाल ते तो मानी. एखाद्या मुलाने देवमासा मासा आहे असे शिकवले की झाडात ते कायमचे शिरले. पण झाड उघडे असल्यामुळे चूक नेमकी कोणत्या फांदीवर आहे ते शोधून दुरुस्त करता येई. म्हणजे आमच्या त्या चिठ्ठीसारखेच.

२०११ च्या फेब्रुवारीत आयबीएमच्या 'वॉटसन' या संगणकाने अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजूषेत केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन विजेत्यांना हरवले. त्याच्या पोटात सुमारे वीस कोटी पानांचा मजकूर साठवला होता आणि खेळताना त्याला इंटरनेटची जोडणी नव्हती. तो प्रत्येक प्रश्नाला अनेक संभाव्य उत्तरे काढी, दर उत्तराला पुरावे गोळा करी आणि किती खात्री आहे याचा आकडा मांडी. आकडा ठरावीक पातळीच्या वर गेला तरच बटण दाबी. जिंकण्यापेक्षा त्याची एक चूक अधिक शिकवणारी आहे. शेवटच्या फेरीच्या एका प्रश्नाला, जिथे उत्तर देणे सक्तीचे असते, विषय होता अमेरिकेतली शहरे. सर्वांत मोठ्या विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातल्या वीराचे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळाला त्याच युद्धातल्या लढाईचे नाव असलेले शहर कोणते? उत्तर शिकागो. वॉटसनने लिहिले टोरोंटो, जे कॅनडात आहे. लोक हसले. पण त्याने त्या नावापुढे पाच प्रश्नचिन्हे टाकली होती आणि पणाला लावले होते फक्त ९४७ डॉलर. आपल्याला नक्की माहीत नाही, एवढे त्याला माहीत होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुला झाला आणि त्यानंतर तसे अनेक मदतनीस आले. त्यांची घडण निराळी. अफाट मजकुरावरून 'या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त' हे ते शिकलेले असतात, आणि उत्तर म्हणजे असा एकेक तुकडा जोडत गेलेले वाक्य. ज्या गोष्टीबद्दल जगात पुष्कळ लिहिले गेले आहे तिथे हे आश्चर्यकारक चांगले चालते. जिथे थोडे लिहिले आहे, तिथेही वाक्य तितकेच सफाईदार येते. माहिती मात्र कधी जुनी, कधी शेजारच्या गावाची, कधी सरळ रचलेली. जव्हार ठाणे जिल्ह्यात आहे, हे २०१४ पूर्वीच्या हजारो पानांवर छापलेले आहे. आणि वॉटसनसारखी प्रश्नचिन्हे तो आपण होऊन क्वचितच टाकतो. काही मदतनीस आता इंटरनेटवर शोधून दुवे देतात. तेव्हा दुवा उघडून त्यात खरोखर तसे लिहिले आहे का ते पाहावे.

क्विझमास्तर म्हणून त्याच्यात आणखी दोन उणिवा आहेत. एक, तो भिडस्त आहे. मुलाने ठासून 'माझेच बरोबर' म्हटले की पुष्कळदा तो माफी मागून निकाल फिरवतो, मूळ निकाल योग्य असला तरी. दुसरी अधिक चमत्कारिक आहे. त्याला 'मनात एक प्राणी धर, आम्ही ओळखतो' असे सांगा. तो म्हणेल, 'धरला.' पण त्याने तो कुठे टिपून ठेवला नसेल, तर पुढच्या प्रश्नाच्या वेळी त्याच्यासमोर असतो तो फक्त आतापर्यंतचा संवाद. त्याला साजेसे 'हो' किंवा 'नाही' तो देत जातो, आणि प्राणी शेवटी ठरतो. 'ॲनिमल'चे झाड उघडता येत होते; इथे उघडायला घडी घातलेली चिठ्ठीच नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की हा खेळ जरूर खेळावा, पण चिठ्ठ्या मुलांनी लिहाव्यात. पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. एका बाजूला प्रश्न. दुसऱ्या बाजूला उत्तर, ते कशावरून, आणि कोणत्या तारखेला तपासले. पुस्तकाचे नाव व पान, सातबारा, गावातला फलक, आजीचे सांगणे, काहीही चालेल, पण 'कशावरून' रिकामे नको. मग मदतनिसाला स्पर्धक करावे. शिक्षकांनी प्रश्न टाइप करावा आणि उत्तरासोबत खात्रीचा आकडा शंभरांपैकी द्यायला सांगावा. बरोबरला एक गुण, चुकीला वजा एक, 'माहीत नाही'ला शून्य. तो सांगतो तो आकडा वॉटसनसारखा मोजलेला असेलच असे नाही. म्हणूनच तो तक्त्यात लिहावा. नव्वद म्हणून सांगितलेल्या उत्तरांपैकी खरोखर किती बरोबर निघाली, हे महिन्याअखेर मुलांनी काढावे. ओळखण्याच्या खेळात चिठ्ठी मुलाच्या मुठीत आणि प्रश्न विचारणारा मदतनीस, अशी अदलाबदल करावी. त्यालाच क्विझमास्तर करायचे असेल, तर वीस चिठ्ठ्या दोन्ही बाजूंसह आधी टाइप कराव्यात आणि सांगावे की यांतूनच विचार, एका वेळी एकच, आणि निकाल चिठ्ठीप्रमाणे दे. फोन शिक्षकांच्याच हातात असावा. बऱ्याच कंपन्यांनी वयाची अट घातलेली असते. मुलांची नावे टाइप करू नयेत, 'गट अ', 'गट आ' पुरेसे आहे.

प्रश्न कोणते, हा खरा मजेचा भाग. 'मुंबईला सर्वांत जास्त पाणी पुरवणारा जलाशय कोणता?' भातसा, हे मदतनीस सहज सांगेल. सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा आणि तो शहापूर तालुक्यात. पण 'भातसाच्याच तालुक्यातल्या कोणत्या पाड्यांवर गेल्या उन्हाळ्यात टँकर आला?' याचे उत्तर वर्गातल्या मुलांना ठाऊक असते, त्याला बहुधा नाही. मुरबाडच्या मुलांनी सिद्धगड घ्यावा. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झाले. साल, महिना, दुसरे नाव, यांपैकी कुठे घसरतो ते पाहावे.

नाणेघाटावर तर विज्ञान आणि इतिहास या दोन्ही शिक्षकांचा हक्क आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून चढून गेले की घाटमाथ्यावर सातवाहनांचे लेणे लागते. लेणे जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात. पायथा ठाणे जिल्ह्यात. इथेच पहिला वाद निघेल! राणी नागनिकेच्या काळातल्या त्या ब्राह्मी लेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत, गाई, घोडे, हत्ती, नाणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक मानला जातो. भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्या अंकांचा अभ्यास केला. आता चिठ्ठी अशी लिहा: 'नाणेघाटाच्या लेखात शून्य आहे का?' 'भारत', 'जुने अंक' हे शब्द आले की 'शून्य' हा शब्द मागोमाग येण्याचा मोह मोठा असतो, यंत्रालाही आणि आपल्यालाही. उत्तर, नाही. तिथे दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत, आणि चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले आहे. स्थानमूल्य नाही, म्हणून शून्याची गरजही नाही. मुलांना ती चिन्हे काढायला लावून मग आजच्या पद्धतीने तीच संख्या लिहायला सांगा. शून्याने कोणते काम केले ते न सांगता समजते.

राहिल्या घरच्या चिठ्ठ्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने गावातल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून अक्षरे गिरवू लागल्या. नातवंडांच्या वयाची मुले शाळेत शिकतात तेच शिकायला आज्या बसल्या. आमच्या खेळात देवघेव उलट्या दिशेची असते. पहिल्या पावसाच्या सुमारास रानात शेवळे येतात. त्यांची भाजी नीट केली नाही तर घसा खाजतो. म्हणून तीत काकडे घालतात. काकड या झाडाची ती लहान आंबट फळे. 'शेवळांच्या भाजीत काय घालतात?' ही चिठ्ठी एका मुलीने आजीला विचारून आणली. काकडे आणि काकडी यांत एका वेलांटीचे अंतर आहे आणि जगात काकडीवर मजकूर फार, तेव्हा मदतनीस इथे अडखळेल अशी वर्गाची पैज होती. पण मदतनिसापर्यंत जायच्या आधीच शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी काकडे मिळाली नाहीत तर चिंच घालतात. तिसरीने आमसुलाचे नाव घेतले. बराच वेळ कोणी मागे हटेना. शेवटी चिठ्ठीच्या मागे तिन्ही उत्तरे लिहिली, प्रत्येकासमोर 'कशावरून' म्हणून पाड्याचे नाव आणि आजीचे नाते टाकले, आणि तारीख घालायला मुलांनीच आठवण केली.